उरलेल्या आठ महिन्यांची सही

"सही हवी? मग शनिवारच्या आत माझ्या दारात हजर व्हा! पण पाण्यावरून यायचं नाही, जमिनीवरूनही नाही. चालत यायचं नाही आणि बसूनही नाही!"

बेटाचे प्रधान क्विल यांचं हे पत्र वाचून रॅटरे साहेबांनी कपाळाला हात लावला. कॅनडातले विखुरलेले प्रांत सांधून एक देश करायचा, म्हणून हा पुढारी तीन वर्षं वणवण फिरला होता. बाकीचे प्रांत कसेबसे राजी झाले, तेही "बेट आलं तरच आम्ही!" या अटीवर. आणि बेटच करारावर सही न करता अडून बसलेलं!

चहा घेऊन आलेली मोरॅग फिसकन हसली. ती साहेबांची स्वयंपाकीण, त्याच बेटावरच्या नावाड्याची लेक. आईने धाडलेल्या मुरंब्याच्या बरणीवरही तिला परदेशी मालाची जकात भरावी लागे. एक देश तिलाही हवाच होता!

"हसतेस काय? माझा देश बुडतोय!"

"बुडेल कसा साहेब? समुद्र गोठलाय! चढवा कोट."

शनिवारी दुपारी क्विल दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. बघतात तर काय! बर्फावरून एक होडी सुसाट घसरत येतेय. एका अंगाला मोरॅग, दुसऱ्या अंगाला रॅटरे साहेब. दोघांचाही एकेक गुडघा होडीच्या काठावर, आणि दुसऱ्या पायाने बर्फ रेटणं चाललेलं!

"मारा पाय साहेब, मारा! टोपी गेली तर जाऊ द्या!"

किनाऱ्यावरही पुरुषभर बर्फ साचलेला. होडी थेट क्विल यांच्या पायरीवर धडकली.

"पाण्यावरून आलात!" क्विल गरजले.

"पाणी?" मोरॅग म्हणाली. "मग त्यात बादली बुडवून दाखवा!"

"म्हणजे जमिनीवरून!"

"जमीन असेल तर लावा बटाटे!"

"बरं, चालत आलात!"

"गुडघ्यावर कुणी चालतं का हो?" साहेब धापा टाकत म्हणाले. "आणि बसायला ही पोरगी देईल तर ना!"

क्विल यांनी ओठ आवळले. "अटी पाळल्यात, कबूल. पण मुली, देवानेच मध्ये समुद्र घालून आम्हाला वेगळं ठेवलंय. ते जोडणारे तुम्ही कोण?"

"आम्ही कुठे जोडतोय? दर हिवाळ्यात चार महिने देवच समुद्र गोठवून बेट जोडून देतो! त्याच्या वाटणीचं त्याने केलंय. तुम्ही फक्त उरलेल्या आठ महिन्यांची सही करा!"

क्विल असे हसले, असे हसले की चष्मा नाकावरून घसरून बर्फात पडला! "आणा रे दौत!" म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली. "आणि माझी नवी लाल होडी आजपासून या पोरीची!"

"आणि मला काय?" रॅटरे साहेबांनी गुडघा चोळत विचारलं.

"तुम्हाला अख्खं बेट दिलं की! परत जाताना होडीत बसायचं असेल, तर मात्र मालकिणीला विचारा!"