न पाहिलेला बाजार

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं होतं. मी हो म्हणाले होते. पण गावाचं नाव घेतलं नाही आणि माणसांची नावं बदलली, तर दिलेला शब्द अगदी पुरता मोडत नाही, असं मला वाटतं. म्हणून लिहिते आहे.

डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव होतं. त्या गावात सुमेधा नावाची एक बाई राहत होती. लिहिण्यावर तिचं पोट होतं. ती कुठल्या वर्तमानपत्रात नव्हती आणि तिच्यावर कुणी मालकही नव्हता. गावात दर बुधवारी आठवडी बाजार भरे. सुमेधा रिकामी पिशवी घेऊन बाजारात शिरे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सावकाश चाले आणि घरी येऊन जे दिसलं ते लिहून काढी. गुरुवारी सकाळी तिचं ‘बाजाराचं पत्र’ लोकांच्या फोनवर जाई. पत्राच्या शेवटी एकच ओळ असे: ‘वाचून बरं वाटलं, तर जमेल तेवढं पाठवा.’

आणि लोक पाठवत. ते बहुतेक त्याच भागातून बाहेर गेलेले होते. कुणी पुण्यात, कुणी सुरतेला, कुणी समुद्रापलीकडे. चाकवताची जुडी केवढ्याला झाली याच्याशी त्यांचं काही अडलं नव्हतं. पण ती जुडी बांधता बांधता बाई कुणाशी भांडत होती, हे वाचलं की त्यांचा दिवस बरा जाई.

सुमेधाचा थोरला भाऊ दिनकर रद्दीचा व्यापार करी. तो म्हणे, “आमच्याकडे छापलेलं वजनावर जातं. तुझं न छापलेलंसुद्धा लोक पैसे देऊन घेतात. धंदा करावा तर तू, सुमे.”

हळूहळू पत्राचं नाव झालं. शहरातल्या एका संस्थेनं सुमेधाला बोलावलं. वाचकांच्या आधारावर कसं जगावं, ते येऊन सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. कार्यक्रम नेमका बुधवारी होता. सुमेधा दोन दिवस नाही म्हणत राहिली आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाली.

तिथे तिनं सांगितलं, “मी फक्त पाहिलेलं लिहिते. लोक मला त्याचेच पैसे देतात.” टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. गुरुवारी पहाटे ती एसटीत बसली, तेव्हा पत्र जायची वेळ दोन तासांवर आली होती.

या आठवड्यात पत्र नाही, असं दोन ओळींत कळवता आलं असतं. पण तिला वाटलं, लोक म्हणतील, नाव झालं आणि ही सुस्तावली. आणि बाजार तर तिला पाठ होता. तिनं मांडीवर फोन घेतला आणि लिहायला सुरुवात केली. मिरचीवाल्याला तिनं शिंका दिल्या. दोन कासारणींना एका गिऱ्हाइकावरून भांडण दिलं. शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या धुरपदामावशींना पिंपळाखाली त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. ‘शेंगांच्या जुड्या बांधता बांधता मावशी माझ्याकडे बघून हसल्या,’ असं लिहिलं. गाव यायच्या आत पत्र गेलंसुद्धा.

ते पत्र लोकांना सगळ्यांत जास्त आवडलं. खऱ्या बाजारात मध्ये मध्ये काहीच घडत नाही. या बाजारात प्रत्येक ओळीला काहीतरी घडत होतं.

शुक्रवारी सकाळी एक निरोप आला. कुंदा नावाच्या एका वाचक बाईनं सुरतेहून पाठवलेला. ती दर महिन्याला न चुकता थोडे पैसे पाठवी, पण आजवर तिनं कधी काही कळवलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं:

‘ताई, धुरपदाबाई माझी आई. तिला ऐकायला येत नाही, म्हणून फोनवर बोलणं होत नाही. शेजारची मावशी विचारलं की बरी आहे म्हणते, पण ती आईच्या धाकात असते. म्हणून मी तुमच्या पत्रात आईला शोधते. मागच्या दोन पत्रांत ती नव्हती. जिवाला घोर लागला, म्हणून रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. काल वाचलं, ती बसली होती आणि हसली. तिकीट परत केलं. कारखान्यात रजा मागायची वेळ टळली. तुमचे उपकार आहेत.’

सुमेधानं निरोप दोनदा वाचला. मग आपलीच मागची दोन पत्रं उघडून पाहिली. त्यांत धुरपदामावशी खरंच नव्हत्या. पिंपळाखाली त्या दिसल्या नव्हत्या, म्हणून लिहिलं नव्हतं. पण त्या दिसल्या नाहीत हेसुद्धा लिहिण्यासारखं आहे, हे तिला सुचलं नव्हतं.

तिनं चहा तसाच ठेवला आणि ती मावशींच्या वाडीकडे माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली.

धुरपदामावशी खाटेवर पडून होत्या. उजव्या पायाला घोट्यापासून वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. पायाच्या अंगठ्यापर्यंत सूज पसरली होती. खोलीत हळदीचा आणि आणखी कसला तरी वास होता.

“कोण? लाईट बिलवाली का?” मावशींनी विचारलं.

“मी सुमेधा. बाजाराचं लिहिते ती,” सुमेधा त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

“अगं बाई, तू होय?” मावशींचा चेहरा उजळला. “ये, बस. शेजारणीनं मला कालच सांगितलं, कुंदीनं तिला कळवलंय. मी बाजारात बसले होते म्हणून लिहिलंस. फार बरं केलंस. पोर निश्चिंत झाली.”

“पायाला काय झालं, मावशी?”

“विळा लागला. तीन आठवडे झाले. होईल बरा. तू असं कर, पुढच्या वेळीही तसंच लिही. बसले होते, हसले होते.”

सुमेधानं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर सगळेच खूश राहिले असते. सुरतेला मुलगी खूश, वाडीत आई खूश, आणि पत्र वाचणारेही खूश. तिनं मावशींच्या पायाकडे पाहिलं. चिंधीच्या कडेला पिवळा डाग होता.

“मावशी, मी बुधवारी बाजारात आलेच नव्हते. ते खोटं लिहिलं होतं.”

“मग काय झालं? मी हसते की. इतक्या वेळा मला हसताना बघितलंस, त्यातलंच एक लिहिलंस.”

“कुंदा येणार होती. रविवारचं तिकीट होतं. माझं वाचून तिनं परत केलं.”

मावशींना ऐकू आलं नाही, असं आधी वाटलं. सुमेधा पुन्हा सांगायला वाकली, तेव्हा मावशींनी हातानं थांबवलं.

“येणार होती होय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. मावशींना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “सांग मग तिला. पाय दुखतोय म्हणावं. थोडासा.”

“थोडासा?”

“मला काय विचारतेस? तू बघितलास ना? बघितलास तेवढा सांग.”

सुमेधा उंबऱ्यावर आली आणि तिनं कुंदाला फोन लावला. पाहिलं ते सगळं सांगितलं. सूज कुठपर्यंत आहे, डाग केवढा आहे, वास येतो आहे. आणि शेवटी, आपण बुधवारी गावात नव्हतो, हे सांगितलं.

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

“ताई,” कुंदा म्हणाली, “छान लिहिणारे इथे फोनवर पैशाला पासरी आहेत. मी तुम्हाला छान लिहिता म्हणून पैसे पाठवत नव्हते. मला येता येत नाही, तुम्ही जाता, म्हणून पाठवत होते.”

तिनं रागावून म्हटलं असतं तर सुमेधाला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती.

त्याच दुपारी सुमेधानं जीप ठरवून मावशींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मावशी वाटभर म्हणत होत्या, एवढ्याशा पायाला एवढी मोठी गाडी कशाला. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि म्हणाले, “आणखी आठवडाभर उशीर केला असता, तर पाऊल कापावं लागलं असतं.” मावशींना ते ऐकू आलं नाही. कुणी त्यांना पुन्हा सांगितलंही नाही. रविवारी कुंदा आली. तिकीट गेलेलं, म्हणून डब्यात दाराशी उभी राहून आली होती.

आता पत्राचं राहिलं होतं. दिनकरदादानं समजावलं, “जिला सांगायचं तिला सांगितलंस. बाकीच्यांना काय कळलंय? उद्या त्यांनी हात आखडला, तर खाशील काय?”

“उद्या त्यांना वाटायला हवं ना, की हिनं पाहिलंय?”

“तुला कुणी विचारलंय का पण?”

“नाही, दादा. म्हणून तर मलाच सांगायला हवं.”

दादा आपल्या रद्दीच्या गठ्ठ्यांकडे वळला. तिनं सोमवारीच पत्र पाठवलं. ते फार छोटं होतं. ‘मागच्या बुधवारी मी बाजारात नव्हते. शहरात भाषण करत होते. गुरुवारी तुम्ही वाचलंत ते मी एसटीत बसून मनानं रचलं होतं. त्यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. ज्यांना या पत्राचे पैसे परत हवे असतील, त्यांनी कळवावं.’ धुरपदामावशींचं किंवा कुंदाचं त्यात नावही नव्हतं. ते दुखणं दुसऱ्याच्या घरचं होतं. ते सांगून आपल्या चुकीला मऊ करायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

बऱ्याच लोकांनी पैसे परत मागितले. काहींनी पत्रच बंद केलं. एकानं लिहिलं, ‘आता मागची सगळी पत्रंही खोटी वाटू लागली.’ पाऊणशे लोक गेले. ती दुपारी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. दादा येता जाता विचारी, “काय मास्तरीणबाई?” पण शिकवणीला पहिली मुलगी पाठवली, ती त्यानंच.

ते छोटं पत्र गेल्यावर दोनच दिवसांनी, बुधवारी, सुमेधा बाजारात गेली. या खेपेला ती फारच सावकाश चालली. मिरचीवाला म्हणाला, “ताई, काही हरवलंय का?” ती पिंपळाखाली आली. तिथे वेताची एक रिकामी पाटी पालथी घालून ठेवली होती. बाजार गच्च भरला होता, पण तेवढ्या जागेवर कुणी पथारी पसरली नव्हती.

“ही पाटी कुणाची?” तिनं शेजारच्या लसूणवालीला विचारलं.

“माझी. धुरपदीची जागा धरलीय,” लसूणवाली म्हणाली. “कुणी आजारी पडलं की आम्ही असं करतो. येईपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही. आज चौथा बुधवार. तुम्ही इथूनच तर जाता की, ताई.”

सुमेधानं लसूण घेतला आणि ती घरी आली. वाडीला निरोप पाठवून तिनं मावशींना विचारलं, लिहू का. मावशींचं उत्तर आलं, लिही. गुरुवारच्या पत्रात तिनं पालथ्या पाटीविषयी लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘जिची जागा आहे, ती मला बाजारात दिसली नाही. तिच्या घरी दिसली. पायाची सूज ओसरून आता घोट्यापुरती राहिली आहे. लेक जवळ आहे.’

कुंदा आणखी चार दिवस राहणार होती. तिनं ते पत्र आईच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून वाचून दाखवलं. सगळ्या वाडीला ऐकू गेलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “शेंगांचा भाव नाही लिहिला?”

“तू नव्हतीस, तर शेंगा कुठल्या, आई?”

“हां. मग बरोबर लिहिलंय तिनं,” असं म्हणून मावशींनी कुंदाचा हात आपल्या हातात घेतला, आणि त्या दोघी

खालून मला माझ्या आईची हाक आली आहे. दुसरी हाकही आली. मी काय लिहिते आहे, हे विचारायला कुणी वर यायच्या आत वही मिटायला हवी.

तात्पर्य तेवढं घाईनं लिहून ठेवते: आपल्यावर विसंबून जो आपल्याला चार पैसे देतो, त्याला गोड वाटेल ते सांगू नये, आपण खरंच पाहिलं तेवढंच सांगावं, आणि कधी चुकून न पाहिलेलं सांगितलं, तर कुणी विचारायची वाट न बघता आपणच जाऊन, कितीही लाज वाटली तरी, आले गं आई, आलेच, तर आपणच जाऊन