साहेबांना मात

सांगलीजवळच्या एका पंप कारखान्याचे मालक अप्पासाहेब बिरनाळे यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पुढचा विचार करायची सवय लागावी म्हणून बुद्धिबळाच्या प्रशिक्षिका हेमांगी तेरदाळकर यांना बोलावलं. महिनाभर वर्ग चालले. शेवटच्या दिवशी अप्पासाहेब स्वतः पटावर बसले आणि त्यांनी एकेक करून सगळ्या अधिकाऱ्यांना हरवलं.

मिशीला पीळ देत ते सर्वांदेखत म्हणाले, "बाई, काय शिकवलंत यांना? मला हरवणारा एकही नाही! यांतला एक जरी पुढचा विचार करायला शिकला असेल, तर दाखवा. नाहीतर हा खेळ आजपासून बंद."

हेमांगीबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, सगळेच शिकले. तुम्ही पटावरच्या चाली पाहिल्यात. यांनी त्यांच्याही पुढची पाहिली. तुमच्यावर मात केल्यावर तुम्ही कोणती चाल खेळाल, ती!"

कुणीच हसलं नाही. अधिकाऱ्यांच्या माना खाली गेल्या. अप्पासाहेबांनी व्यवस्थापक निरगुड्यांकडे पाहिलं.

"तुम्ही मुद्दाम हरलात?"

"हो, साहेब."

"आणि मी जतला काढलेला कारखाना बंद पडला. तो चालणार नाही, हेही तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

निरगुड्यांना मान वर करवेना. "होतं, साहेब. सांगायची हिंमत झाली नाही."

अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. तो कारखाना बंद पडल्याचं खापर त्यांनी भर सभेत निरगुड्यांवरच फोडलं होतं. त्यांनी आपल्या हातांनी मोहरे पुन्हा मांडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बसा, निरगुडे. आता मला हरवा."