राजवाड्यातलं नेट आणि पाटकऱ्याची पोर

युवराज रणधीर घोड्यावर बसल्या बसल्या घोरायला लागला आणि घोडा त्याला तसाच तबेल्यात परत घेऊन आला! राजकन्या चंद्रावळ गणिताच्या वहीवर गाल टेकून झोपली. धाकटा फत्तेसिंग तर अंघोळीच्या घंगाळातच डुलक्या घेत होता.

सोनखेडच्या राजे प्रचंडरावांनी भर दरबारात पागोटं आपटलं.

"हे चाललंय काय?"

"नेट, महाराज," प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले. "तिघंही रात्रभर मोबाईलवर असतात."

"मग बंद करा!"

"केलं होतं. आपणच ओरडलात."

ते खरं होतं. राजे रोज रात्री शेजारच्या राजाशी नेटवर बुद्धिबळ खेळत. राउटर बंद केला आणि राजांचा जिंकत आलेला डाव तुटला. मग पोरांचे मोबाईल काढून घेतले. पोरं जेवेनात, राणीसाहेबांचं रडं थांबेना. मोबाईल परत द्यावे लागले.

एवढ्यात राजांची नजर म्हादू पाटकऱ्यावर पडली. गावाच्या शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा माणूस. पाटाच्या डागडुजीचं सांगायला आला होता बिचारा.

"तू पाणी अडवतोस ना? मग नेट अडव! उद्या रात्री नऊला तिघांचं नेट बंद झालं पाहिजे. माझा डाव चालू राहिला पाहिजे. मोबाईल काढायचे नाहीत, पोरांवर ओरडायचं नाही. नाही जमलं, तर पाटाच्या किल्ल्या प्रधानांच्या मेव्हण्याला!"

मेव्हण्यानं तिथल्या तिथे हात पुढे केला!

तीन पिढ्या त्या किल्ल्या म्हादूच्या घरात होत्या, आणि त्याला स्वतःला साधा फोन धड उचलता येत नव्हता. पण त्याची पोर येसू बरोबर आली होती. तिला मेव्हण्याचा तो पसरलेला हात पाहूनच राग आला.

"बाबांचं काम मी करते," ती म्हणाली. "राउटर कुठाय?"

प्रधानांनी राउटरचं पान उघडून दिलं. वाड्यातले झाडून सगळे मोबाईल तिथे ओळीनं दिसत होते. येसू हसली.

"बाबा, हा तर आपला पाटच! हे मुख्य तोंड, आणि ही एकेका शेताची दारं. तोंड कशाला बंद करायचं? वेळ लावून ठेवू. नऊ वाजले की या तिघांची दारं आपोआप बंद, पहाटे पाचला उघडी. महाराजांचं रान भिजत राहील!"

"फार शहाणी!" प्रधान म्हणाले. "हे मीही केलं होतं. वर पासवर्डही घातला होता. पोरांनी लगेच उघडलं."

"त्यांना पासवर्ड कळला कसा?"

"दवंडीनं!"

"दवंडीनं?" येसूनं विचारलं.

सोनखेडचा रिवाजच तसा. राजाचा हुकूम ज्याला लागू, त्याच्या दारात ढोल वाजवून तो सांगायचा. तोवर हुकूम कच्चा. पासवर्डवर राजांचा शिक्का, म्हणजे तोही हुकूमच! तेव्हा दवंडीवाला गेनू रोज संध्याकाळी पोरांच्या दारात ढोल बडवून नवा पासवर्ड मोठ्यानं सांगून येई. पोरं टाळ्या वाजवत.

"रिवाज मोडायचा नाही!" राजे गरजले.

"कोण मोडतंय, महाराज? फक्त एवढं बघून सांगा, दवंडी किती वाजता द्यायची ते लिहिलंय का?"

प्रधानांनी रिवाजाची पोथी पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली.

"वेळेचं काही नाही."

"मग गेनूकाकांना लवकर झोपायला सांगा!"

दवंडी झाली नाही, म्हणून त्या रात्री हुकूम कच्चाच होता. पोरं तीनपर्यंत जागली. आणि पहाटे पाचला त्यांच्या दारात ढोल कडाडला!

"ऐका हो ऐका! आजचा पासवर्ड, ढोबळीमिरची सत्तावीस! हो ऽऽ!"

तिघं पलंगावरून खाली आली. फत्तेसिंग तर अंथरुणासकट! पण पासवर्ड ऐकताच नाचायला लागली.

प्रधान येसूकडे धावत आले. "अगं, पोरांना पासवर्ड सांगून टाकलास!"

"सांगितला."

"रात्री उघडतील ना!"

"उघडू देत की."

"आणि दुपारी झोप काढली म्हणजे?"

"दिवसा नेट उघडं आहे, प्रधानजी. ते टाकून झोपेल कोण?"

म्हादूनं कपाळाला हात लावला. मेव्हण्यानं पाटाच्या किल्ल्यांसाठी नवा रेशमी गोंडा विकत आणला.

दिवसभर पोरांनी मोबाईल सोडला नाही. रात्री नऊचा ठोका पडला. तीन दारं बंद झाली. राजे पाय न वाजवता पोरांच्या दालनाकडे निघाले. मागे प्रधान, मेव्हणा, म्हादू आणि सगळ्यात मागे येसू. एका जरी मोबाईलचा पडदा उजळलेला दिसला, तरी किल्ल्या गेल्या!

दार ढकललं. आत अंधार! दिवा आणला. रणधीरचं नाक श्रीखंडाच्या वाटीत. फत्तेसिंग अर्धा पलंगावर, अर्धा मांजरावर. चंद्रावळीनं पासवर्ड टाकायला घेतला होता. "ढोब" एवढं झालं होतं आणि बोट तिथेच ठेवून ती घोरत होती!

"पोरी," राजे कुजबुजले, "किल्ली हातात असून यांनी दार उघडलं नाही?"

"महाराज, पासवर्ड कुणालाही सांगता येतो. पण पहाटे पाचला तो ऐकलेला माणूस रात्री नऊला तो टाकू शकत नाही!"

"आणि उद्या?"

"उद्या नवा पासवर्ड. पाचला ढोल आहेच!"

राजांना हसू आवरेना. तोंडावर हात धरला, पागोटं तोंडात कोंबलं, शेवटी ओसरीत जाऊन खांबाला मिठी मारून खदखदा हसले! पाटाच्या किल्ल्या म्हादूच्या घराण्याकडे कायमच्या राहिल्या. येसूला राजांनी दोन दुभत्या म्हशी आणि नदीकाठची पाच बिघे बागायत दिली. मेव्हण्यालाही काम मिळालं. रोज पहाटे साडेचारला गेनूला उठवायचं!