कमरेइतकी खिडकी

फार वर्षांमागं, डोंगरापलीकडच्या एका देशात साम्यवाद्यांचं राज्य होतं. शेतं सगळ्यांची, विहिरी सगळ्यांच्या, आणि तोंड उघडायची मुभा मात्र कुणालाच नाही. तिथल्या एका गावात मध विकणारी एक बाई राहायची. तिच्या नवऱ्यानं भर सभेत एवढंच विचारलं, की पिकलेलं धान्य जातं कुठं? झालं! दुसऱ्याच दिवशी त्याला मिठाच्या खाणीवर धाडलं.

पुढं ते राज्य कोसळलं. नव्या राज्यानं दवंडी पिटली, की खाणीवरची माणसं सोडली आहेत, घरच्यांनी कचेरीतून सुटकेचा कागद न्यावा. बाईला वाटलं, आठवडाभरात आपला माणूस घरी येईल.

कचेरी मात्र जुनीच होती. तिची खिडकी कमरेइतक्या उंचीवर, जेमतेम वीतभर. येणाऱ्यानं आपसूक वाकावं म्हणून मुद्दाम तशी केलेली. आत डोकावायचं नाही, काहीतरी भेटवस्तू सरकवायची आणि खाली मान घालून विनवायचं, ही तिथली रीत. राज्य गेलं तरी रीत काही गेली नाही.

बाई वाकली. तिनं मधाची बरणी आत सरकवली. अंधारातून एक पांढराफटक हात आला आणि बरणी घेऊन गेला.

"उद्या या," आतून आवाज आला.

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. दर खेपेला एक बरणी, तोच हात, तोच आवाज. अशी तीन वर्षं सरली. भरदुपारी एवढी मोठी रांग, पण कुणी चकार शब्द काढत नसे. हळूहळू लोकांच्या पाठी तशाच राहिल्या. घरी, बाजारात, विहिरीवर, सगळे वाकूनच चालायचे. बाईलाही आकाश शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना.

एके दिवशी मिठाचा गाडीवान तिला म्हणाला, "ताई, खाणीचं फाटक उघडंच आहे. पण कागदाशिवाय कुणी पाऊल बाहेर टाकत नाही. तुमचे मालक फार खोकतात. हा हिवाळा काही काढत नाहीत ते."

बाई तडक खिडकीशी गेली. आतून आवाज आला, "उद्या या."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ती ताठ उभी राहिली. पाठीत अशी कळ आली, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग तिला दिसलं, खिडकीला लागूनच दार होतं. त्याला ना कडी, ना कुलूप.

मागचा म्हातारा कुजबुजला, "नको बाई. तिथून कुणी जात नाही."

"का पण?"

म्हातारा पुन्हा खिडकीकडं वाकला. बाई आत शिरली.

आत बरण्यांची रास छताला टेकली होती. एकही उघडलेली नव्हती, मध काळा पडला होता. खिडकीखाली एक साहेब गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"वरून आलात का? कुणी पाठवलं तुम्हाला?"

"मला कोण पाठवणार? मी मधवाली. माझ्या नवऱ्याचा कागद का देत नाही तुम्ही?"

साहेबानं प्रथमच तिचा चेहरा पाहिला. "मला वाटलं, वरचे लोक माझी परीक्षा बघताहेत. जुन्या राज्यात असा कागद जो द्यायचा, तो नाहीसा व्हायचा. आणि बाहेरून नुसते हात यायचे, बरण्या घेऊन. मी म्हणायचो, हक्काचा कागद न्यायला खऱ्या माणसाला बरणी कशाला लागेल? हा वरूनच पाठवलेला कुणीतरी. आणि घेतली नाही, तर तेही कुणाला खटकायचं."

कागद टेबलावरच होता. त्यावर तीन वर्षांपूर्वीची सही होती.

बाई कागद घेऊन खाणीकडं धावली. खोकत का होईना, नवरा तिच्यासोबत घरी आला.

येताना दोघं कचेरीवरून गेली. साहेब केव्हाच निघून गेला होता. दार सताड उघडं, टेबलावर सगळ्यांचे कागद मांडलेले. तरी खिडकीपुढं रांग वाकून उभी होती.

"अहो, आत जा, आत कुणी नाही," बाई ओरडली. कुणी मान वर केली नाही. बराच वेळ खिडकीतून आवाज येईना. शेवटी रांगेतलंच कुणीतरी हळूच म्हणालं, "उद्या या." आणि सगळे निमूट घरी वळले.

तात्पर्य एवढंच: राज्य एका दिवसात बदलतं, पण पाठीचा वाक ज्याचा त्यालाच काढावा लागतो.