टाकीच्या मुळावर

घरामागच्या वस्तूही एकमेकींशी सुखदुःखाचं बोलत, तेव्हाची गोष्ट. मालनकाकूंच्या परसात संडासाची टाकी पुरलेली होती. वर गवत इतकं माजलं, की टाकी नेमकी कुठे आहे हेच काकू विसरून गेल्या. शेजाऱ्यांनी माडी चढवली, खिडक्या परसात डोकावू लागल्या, तेव्हा आडोशासाठी काकूंनी बांबूचं रोप आणि कर्दळीचे कंद आणून टाकीशेजारीच ठेवले.

टाकीने दोघांची चौकशी केली. "बांबूदादा, तुमचे पाय कुठवर जातात?"

"पाणी असेल तिथवर! वाटेत भिंत आली तर फोडून!"

"आणि कर्दळताई, तुझे?"

"वीतभर गं. पण वर मी माणसाएवढी उंच वाढते."

काकूंनी बांबूसाठी पहार उचलली. माणसाशी बोलणं टाकीला येईना. तिने जन्मभर दाबून ठेवलेला वास एका उसाशात सोडला.

"अगंबाई, टाकी इथंच की!" काकूंनी नाकाला पदर लावला. "हा बांबू हिच्या मुळावर उठला असता!" बांबू लांब कुंपणाला गेला, टाकीपाशी कर्दळ लागली.

टाकीचा जीव अजून थाऱ्यावर नाही. "मला कुठलं आलंय मूळ?" ती कर्दळीला म्हणते. "मुळं त्याची, जीव माझा. बघ गं, कुंपणाकडून काही सरकतंय का?"