सुमेरगिरीचं मौन

"मौन कुणासाठी धरलंयस?" विमलगिरीबाबांनी विचारलं.

सुमेरगिरीने पाटीवर लिहिलं, 'देवासाठी.'

बाबांची नजर त्याच्या किंचित सुजलेल्या गालावर गेली.

नदीकाठच्या विमलगिरीबाबांच्या मठात सुमेरगिरीच्या वाणीची मोठी ख्याती. त्याचं प्रवचन ऐकायला लोक टेंपो भरून येत. तो स्वतःही आपला आवाज कान देऊन ऐकत असे. आणि एके दिवशी त्याने अचानक मौन धरलं. लोक आता आणखीच वाकून पाया पडू लागले.

"आ कर," बाबा म्हणाले.

त्याने तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर, दाढेपाशी, आवळ्याएवढी गाठ होती.

"डॉक्टरला दाखवलीस?"

त्याने लिहिलं, 'कॅन्सर नाही. क्वचित कुणाला होते, तशी साधी गाठ. पण जबडा आतून पोखरतेय. काढावी लागेल.'

"मग अडलंय कुठे?"

सुमेरगिरीने तळहाताने पाटी पुसली. 'दाढा जातील. थोडं हाडही. बोलणं बोबडं होईल.' आणि खाली, अगदी बारीक अक्षरात, 'लोक हसतील.'

बाबा उठले. "चल. मंडळी खोळंबलीयेत."

मंडप भरला होता. बाबा आसनावर बसले, तोंडात बोटं घातली आणि वरची-खालची अख्खी कवळी काढून सुमेरगिरीच्या ओंजळीत ठेवली.

बाबांचे दात खोटे आहेत, हे मठात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"फज्जनहो..." बाबांनी सुरुवात केली.

कुणीतरी फिसकन हसलं. "अगं बाई, बाबांचे दात!" मग सगळा मंडपच हसला. बाबाही बोळकं पसरून हसले, आणि पुढे बोलत राहिले. मंडळी हळूहळू पुढे सरकून बसली.

प्रवचन संपल्यावर एक म्हातारी पाया पडली. "इतकी वर्षं येते, बाबा, पण रोज डुलकी लागायची. आज एक शब्द कळंना, म्हणून सगळं ऐकलं बघा."

मंडप रिकामा झाला. सुमेरगिरीने ओंजळ पुढे केली.

"बाबा... घाला आता." शब्द जड आला, गाठीला अडखळून.

बाबांनी त्याची बोटं कवळीवर मिटवली.

"तुझ्यापाशीच राहू दे. दवाखान्यातून आलास की दे. तोवर मी पेज पितो."