दोन दारांचे आवार

एका राज्यात राजा रोज सकाळी उठून देवपूजेआधी कोंबड्या मोजत असे. हसू नका. त्या चाळीस तांबड्या कोंबड्यांपैकी एक त्याची मुलगी होती, आणि कोणती ते कोणालाच ठाऊक नव्हते.

धूम्रकर्ण नावाच्या जादूगाराने राजकन्या चंद्रावळीला मागणी घातली. ती नाही म्हणाली. त्याने मूठभर राख फुंकली, तशी राजकन्येची कोंबडी झाली आणि राजवाड्याच्या कळपात मिसळून गेली. तो म्हणाला, "वर्षभर जगली तर पुन्हा माणूस होईल. पण ऊन आणि माती तोडलीत तर झुरून मरेल."

प्रधानजींनी शहाणपणा करून साऱ्या कोंबड्या पितळी पेटाऱ्यात कोंडल्या. तिसऱ्या दिवशी चार मेल्या. मोकळ्या सोडल्या, तर रानातून काहीतरी आले आणि त्याने पाच ओढून नेल्या. प्रत्येक वेळी राजा उरलेल्या पिसांजवळ बसून विचारी, "ही तीच होती का?"

उरल्या एकतीस. तेव्हा चंद्रावळीला अंगाखांद्यावर वाढवणारी दाई हौसा पुढे आली. "महाराज, मला अर्धी राजबाग आणि चार लोहार द्या. मी आवार बांधते."

"अर्धी बाग? कोंबड्यांना?"

"अडचणीत त्या एकमेकींनाच टोचून मारतात, महाराज. जादूगार लागत नाही."

हौसाने भोवती गुडघाभर चर खणून त्यात दगडी फरशा उभ्या पुरल्या. वर लोखंडाची जाळी, करंगळीही शिरणार नाही अशी, माथ्यावरही तीच. आत सावलीला करवंदीची झुडपे, लोळायला राखमाती, बसायला आडव्या काठ्या. शिरायला एकामागे एक दोन दारे, मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. तिलाही खाली फरशी, वर जाळी. पहिले दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा हौसाचा नेम होता.

कळपातला म्हातारा कोंबडा बोलत असे. तो म्हणाला, "जनावर होऊन तो जादूगार फट मिळेल तिथून घुसेल. माणूस होऊन आला, तर बोलावल्यावाचून एकही उंबरठा ओलांडता येणार नाही. आणि त्याच्या तोंडून गेलेला शब्द त्याला पाळावा लागतो."

पहिल्यांदा तो कोल्हा होऊन आला. दिवसाढवळ्या उकरत राहिला, फरशीवर पंजे रक्ताळले तेव्हा थांबला. दुसऱ्यांदा मुंगूस होऊन आला. जाळीला नाक लावून दिवसभर नुसता बघत बसला, आणि एकतीस कोंबड्यांनी दाणा टिपला नाही. तिसऱ्यांदा घार होऊन छतावर कोसळला. नख्या जाळीत अडकल्या, त्या सोडवताना तो माणसासारखा कण्हला. हौसा घाबरट नव्हती, पण ते कण्हणे ऐकल्यापासून ती दाराजवळून हलेना.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. सूर्य मावळायला घटकाभर उरला होता. हौसा बाहेरच्या दाराशी बसली होती. एक थकलेला म्हातारा आला आणि त्याने घोटभर पाणी मागितले. तिने तांब्या दिला. पाणी पिऊन तो उठला.

"येतो हं, बाई."

"या," हौसा म्हणाली.

दुसरे काय म्हणणार? निघणारा कधी जातो म्हणत नाही, तो येतो म्हणतो आणि आपण या म्हणतो. जातो म्हणणे अशुभ, म्हणणारा परतत नाही. जन्मभराची सवय तिच्या तोंडून बोलून गेली.

म्हातारा वळला. त्याचे कान धुराच्या रंगाचे झाले. "बोलावलेस," तो म्हणाला. बाहेरच्या दाराची कडी आपोआप निघाली आणि तो आत शिरला.

"हौसा, दार," कोंबडा ओरडला. तिचे डोके बधिर झाले होते, पण हात नेमाने चालले. तिने पहिले दार ओढून कडी घातली.

बोलावणे एक, उंबरठा एक. दुसरे दार उघडेना. तो दोन दारांमध्ये कोल्हा झाला, मुंगूस झाला, घार झाला. फरशी, भिंती, छत, काहीच हलले नाही. मग त्या दोन दारांमधून चंद्रावळीचा आवाज आला. "हौसाई, मी इथे आहे गं. आत ये म्हण ना मला."

हौसाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती रडत होती, पण बोलली नाही.

सूर्याची कड टेकली. आता तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "सोड मला. दिवस बुडाला की माझी विद्या माझ्यावरच उलटेल."

हौसाने बोळा काढला. "निरोप घे, मग सोडते."

"येतो."

"तसं नाही. जातो म्हण."

सूर्य अर्धा बुडाला. मग तो म्हणाला, "जातो."

हौसाने कडी काढली तेव्हा फरशीवर मूठभर राख होती.

करवंदीच्या झुडपाआडून केसात पिसे अडकलेली चंद्रावळ बाहेर आली. राजा धावत आला. आता त्याला काहीच मोजायचे नव्हते. तो तिचा हात धरून राजवाड्याकडे निघाला. दोन्ही दारे मागे लावून ती हौसाकडे वळली.

"येते हं, हौसाई."

हौसाने आधी मुलीचे कान पाहिले, मग हनुवटीवरचा लहानपणचा व्रण पाहिला, त्यावर बोट फिरवले.

"ये," ती म्हणाली.